नामदार गोपाळ कृष्ण गोखले : स्वातंत्र्य, राज्यकारभार आणि देशसंरक्षण

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• गोखले यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे क्रमाने सांगता येतील.
• राज्यकारभार, नागरिकांचे स्वातंत्र्य आणि देशाचे संरक्षण या तीन विषयांवरील त्यांच्या विचारांतील परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• नेमस्त राजकारणाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा यांविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

३.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मागील टेकडीवर तुम्ही कधी गेला असाल, तर तेथील एक स्मारकशिला तुम्ही पाहिली असेल. १२ जून १९०५ रोजी याच टेकडीवर चार माणसांनी आपले उर्वरित आयुष्य देशकार्याला वाहण्याची शपथ घेतली. त्यांतील एक होते गोपाळ कृष्ण गोखले आणि उरलेले तिघे गोपाळ कृष्ण देवधर, अनंत विनायक पटवर्धन व नटेश अप्पाजी द्रविड. भारत सेवक समाज या संस्थेचा तो आरंभ होता.

पुणेकर गोखल्यांना नामदार गोखले म्हणत. कायदेमंडळाच्या सभासदाला लावले जाणारे हे उपपद त्यांच्या नावाशी इतके एकजीव झाले, की नुसते नामदार म्हटले तरी त्या काळी कोणाविषयी बोलणे चालले आहे हे ऐकणाऱ्याला कळत असे. तरीही आजच्या मराठी वाचकाला गोखले दूरचे वाटतात. त्यांची बहुतेक महत्त्वाची भाषणे इंग्रजीत आहेत, आणि तीही करांचे दर, लष्कराचा खर्च, विनिमयाचा भाव अशा रुक्ष वाटणाऱ्या विषयांवरची आहेत. टिळक आणि आगरकर ‘केसरी’ व ‘सुधारक’ यांच्या पानांतून मराठी गद्यात जिवंत राहिले. गोखले मात्र कायदेमंडळाच्या इतिवृत्तात राहिले. या घटकात आपण त्यांना तेथून बाहेर आणण्याचा प्रयत्न करणार आहोत. एका प्रश्नावर सतत लक्ष ठेवा : ज्या देशाच्या हाती सत्ता नाही, त्या देशाच्या प्रतिनिधीने सत्ताधाऱ्यांपुढे उभे राहून कारभाराविषयी बोलायचे तरी कसे?

३.२ जडणघडण : कोतळूक ते पुणे

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. घरची स्थिती बेताचीच होती. १८७९ साली कृष्णरावांचे निधन झाले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता.

वडील गेल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि कागल येथे दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली. त्या पंधरा रुपयांतले आठ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत घर चाले. गोखल्यांच्या काटकसरीविषयी आणि हिशेबातील काटेकोरपणाविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले, पण त्या सवयीचे मूळ या आठ रुपयांत आहे, हे विसरता कामा नये. आपला प्रत्येक रुपया दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून आला आहे, ही जाणीव ज्या मुलाला लहानपणी झाली, तोच मुलगा पुढे सरकारी तिजोरीतला पैसा कोणाच्या वाट्यातून आला हे सरकारला विचारू लागला.

तुमच्यापैकी अनेकांनी घरातील कोणाच्या तरी शिक्षणासाठी स्वतःचे शिक्षण एकेकाळी थांबवले असेल, आणि आज नोकरी व संसार सांभाळून ते पुन्हा हाती घेतले असेल. गोविंदरावांना ती संधी मिळाली नाही. चरित्रनायकाचे चरित्र वाचताना त्याच्यामागे उभ्या असलेल्या अशा माणसांची नोंद घेणे, हा अभ्यासाचाच एक भाग आहे.

गोपाळरावांनी १८८१ साली मॅट्रिकची परीक्षा दिली. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशा तीन ठिकाणी शिकून १८८४ साली ते पदवीधर झाले. कायद्याचा अभ्यास त्यांनी आरंभिला होता, पण तो पूर्ण झाला नाही. १८८५ च्या प्रारंभी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले.

३.३ शिक्षक, संपादक आणि न्यायमूर्तींचे शिष्य

त्या वेळचे पुणे विचारांनी ढवळून निघालेले होते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. टिळक आणि आगरकर हे दोघेही तेथे शिकवीत होते. गोखले लवकरच सोसायटीचे आजीव सभासद झाले. वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवण्याचे जे बंधन या सभासदांनी स्वीकारले होते, ते गोखल्यांनी शेवटपर्यंत पाळले. त्यांनी गणित शिकवले, इंग्रजी शिकवले, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवले. त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळांतून दीर्घकाळ चालले.

या काळात त्यांच्यावर दोन व्यक्तींचा ठसा उमटला. १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ सुरू केले, तेव्हा त्यातील इंग्रजी बाजू गोखल्यांनी सांभाळली. व्यक्तीचा विवेक हा रूढीपेक्षा श्रेष्ठ आहे, हा आगरकरांचा आग्रह त्यांनी जवळून अनुभवला. दुसरे होते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. सार्वजनिक सभेच्या इंग्रजी त्रैमासिकाचे काम करताना गोखल्यांना रानड्यांच्या हाताखाली अक्षरशः उमेदवारी करावी लागली. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे पडताळायचे, अर्जाचा मसुदा करायचा आणि न्यायमूर्तींनी तो परत पाठवला की पुन्हा लिहायचा, अशी ती उमेदवारी होती. मत मांडण्यापूर्वी माहिती मिळवावी आणि माहिती मिळवल्यावर मत सौम्य शब्दांत पण ठामपणे मांडावे, ही शिस्त गोखल्यांनी तेथे आत्मसात केली.

टिळकांशी त्यांचे मतभेद याच काळात वाढले. १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. पुढे सार्वजनिक सभेत टिळकपक्षाचे बहुमत झाल्यावर रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा स्थापन केली, आणि तिचे चिटणीसपद गोखल्यांकडे आले.

३.४ सन १८९७ : शब्दाची जबाबदारी

भारत सरकारच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी इंग्लंडमध्ये नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी १८९७ साली गोखले लंडनला गेले. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रह्मण्य अय्यर यांच्याही साक्षी झाल्या, आणि दादाभाई नौरोजी हे आयोगाचे सभासद होते. अवघ्या तीस वर्षांच्या या प्राध्यापकाने तज्ज्ञांच्या उलटतपासणीला जी उत्तरे दिली, त्यांनी जाणकारांचे लक्ष वेधून घेतले. परकीय नोकरशाहीमुळे देशाचा पैसा बाहेर जातो, एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते. कारभाराच्या सर्वोच्च जागा आपल्या लोकांना बंद राहिल्या, तर पिढ्यान्‌पिढ्या त्यांची कर्तृत्वशक्ती खुंटते आणि या हानीची भरपाई कोणत्याही अंदाजपत्रकात होऊ शकत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

परंतु याच वर्षाने त्यांना आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंगही दाखवला. पुण्यात प्लेगची साथ होती आणि रोगप्रतिबंधाच्या नावाखाली गोऱ्या सैनिकांकडून घराघरांची झडती चालली होती. लोकांच्या संतापाला पारावार उरला नव्हता. २२ जून रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. लंडनमध्ये असलेल्या गोखल्यांना पुण्याहून आलेल्या पत्रांतून सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची माहिती मिळाली, आणि ती त्यांनी तेथील वृत्तपत्रातून प्रसिद्ध केली. ब्रिटिश संसदेपर्यंत खळबळ उडाली. मायदेशी परतल्यावर गोखल्यांनी पुराव्याचा शोध घेतला, परंतु सिद्ध करता येईल असे काही हाती आले नाही. माहिती देणाऱ्यांची नावे त्यांनी उघड केली नाहीत, मात्र सिद्ध न होणारे आरोप आपण केले म्हणून जाहीर माफी मागितली.

त्या माफीने ते स्वकीयांत भित्रे ठरले. पुण्यात त्यांची निर्भर्त्सना झाली. घरोघरच्या झडतीचा जुलूम तर खराच होता, मग माफी कशाला, असा लोकांचा सवाल होता. या प्रसंगाकडे तुम्ही दोन बाजूंनी पाहू शकता. माफीचे शब्द अधिक राखून लिहिता आले असते, सैनिकांच्या वर्तनाला सरसकट निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र देण्याची गरज नव्हती, हा आक्षेप गंभीर आहे. दुसरीकडे, सत्ता नसलेल्या माणसाजवळ शब्दाच्या विश्वासार्हतेखेरीज दुसरे शस्त्र नसते, आणि ते शस्त्र बोथट होऊ नये म्हणून गोखल्यांनी स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावली, असेही म्हणता येते. पुढील अठरा वर्षांत त्यांनी कायदेमंडळात मांडलेला प्रत्येक आकडा ते ज्या दक्षतेने पारखून घेत, तिच्यामागे १८९७ चा हा चटका होता असे मानावयास जागा आहे.

३.५ राज्यकारभार : अंदाजपत्रकाचे वाचन

१८९९ मध्ये गोखले मुंबई कायदेमंडळावर निवडून आले, आणि फिरोजशहा मेहता यांनी रिकाम्या केलेल्या जागेवर १९०१ च्या अखेरीस त्यांची व्हाइसरॉयच्या कायदेमंडळावर निवड झाली. हे मंडळ कसे होते, हे आधी समजून घेऊ. त्यात सरकारी अधिकाऱ्यांचे बहुमत होते. १८९२ च्या कायद्याने सभासदांना वार्षिक अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती, पण मतदानाचा अधिकार दिला नव्हता. सभासदाने बोलावे, सरकारने ऐकावे आणि आपल्या मनाप्रमाणे करावे, अशी ती रीत होती.

२६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी या मंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक वाढत होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण आहे, असे अर्थखात्याचे म्हणणे होते. गोखल्यांनी ही मांडणी मुळातूनच उलटवली. त्यांचा युक्तिवाद असा होता : भारताला इंग्लंडमध्ये दरवर्षी जी रक्कम द्यावी लागे, ती पौंडांत असे. रुपयाचा भाव घसरत गेला तेव्हा तीच रक्कम भरण्यासाठी अधिक रुपये लागू लागले आणि म्हणून कर वाढवण्यात आले. १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला, तो याच काळात. पुढे चलनविषयक उपायांनी रुपया सोळा पेन्सांवर स्थिर झाला आणि सरकारचा तेवढा भार हलका झाला, पण वाढवलेले कर तसेच राहिले. अर्थात ही शिल्लक म्हणजे गरजेपेक्षा जास्त वसूल केलेला कर होता. देश दुष्काळ आणि प्लेग यांनी गांजलेला असताना तिजोरी भरलेली असणे, हे कारभार चांगला असल्याचे लक्षण नसून राजा आणि प्रजा यांचे हित एक नसल्याचे लक्षण आहे.

येथे गोखल्यांची पद्धत लक्षात घ्या. त्यांनी सरकारचेच आकडे घेतले, सरकारच्याच हिशेबपद्धतीने मांडले आणि त्यातून सरकारला नको असलेला निष्कर्ष काढून दाखवला. मतदानाचा अधिकार नसलेल्या सभागृहात युक्तिवादाला उत्तर देण्याची नैतिक सक्ती तरी निर्माण व्हावी, असा त्यांचा प्रयत्न होता. मीठ गरिबाच्या भाकरीशी निगडित आहे, म्हणून मिठाचा कर कमी करा, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. तो कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. १९०३ सालीच प्राप्तिकरासाठी उत्पन्नाची किमान मर्यादा पाचशे रुपयांवरून हजारावर नेण्यात आली. हे सारे केवळ गोखल्यांमुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु त्यांच्या टीकेला या बदलांच्या कारणांत निश्चित स्थान आहे.

राज्यकारभाराविषयीचे त्यांचे सूत्र थोडक्यात असे सांगता येईल : सरकारची योग्यता सुव्यवस्थेवरून ठरत नाही, त्या सुव्यवस्थेतून लोकांचे आरोग्य, शिक्षण आणि कर्तृत्व वाढते की नाही यावरून ती ठरते. कर घेणे समर्थनीय आहे, पण तो ज्याच्याकडून घेतला त्याच्याच उपयोगी पडला पाहिजे.

३.६ देशसंरक्षण : सैन्य कोणाचे, खर्च कोणाचा?

अंदाजपत्रक वाचणाऱ्या गोखल्यांची नजर साहजिकच लष्करी खर्चावर स्थिरावली, कारण सरकारच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग तेथे जात होता. या विषयावरील त्यांचे विवेचन चार मुद्द्यांत मांडता येते.

पहिला मुद्दा सैन्याच्या आकाराचा. १८८५ मध्ये अफगाण सीमेवर रशियाशी युद्धाचा प्रसंग ओढवेल या भीतीने भारतातील सैन्य सुमारे तीस हजारांनी वाढवण्यात आले. भीती ओसरली, सैन्य मात्र कमी झाले नाही. पुढे येथील तुकड्या दक्षिण आफ्रिका आणि चीन येथील मोहिमांवर गेल्या, तरी भारताच्या सुरक्षिततेला बाधा आली नाही. यावरून गोखल्यांनी अनुमान काढले, की भारताच्या गरजेपेक्षा अधिक सैन्य भारताच्या खर्चाने पोसले जात आहे. १९०७ मध्ये इंग्लंड आणि रशिया यांच्यात करार झाल्यावर खर्चकपातीची मागणी त्यांना अधिकच समर्थनीय वाटली.

दुसरा मुद्दा न्यायाचा. हे सैन्य जर साऱ्या ब्रिटिश साम्राज्याच्या पूर्वेकडील हितासाठी ठेवले असेल, तर त्याच्या खर्चाचा वाटा इंग्लंडने उचलला पाहिजे. प्रत्यक्षात गोऱ्या शिपायांच्या इंग्लंडमधील भरतीचा व शिक्षणाचा भारही भारतीय करदात्यावर टाकला जात होता.

तिसरा मुद्दा सैन्याच्या रचनेचा. इतर देश शांततेच्या काळात मर्यादित खडे सैन्य ठेवतात आणि प्रशिक्षित नागरिकांची मोठी राखीव फळी उभी करतात. भारतात मात्र सारा भर महागड्या खड्या सैन्यावर होता. १९०४–०५ च्या युद्धात जपानने रशियाचा पराभव केला, तेव्हा आपल्या नागरिकांवर विश्वास ठेवणारे राष्ट्र तुलनेने कमी खर्चात किती समर्थ होऊ शकते, याचा दाखला गोखल्यांना मिळाला.

चौथा मुद्दा सर्वांत खोल आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने जनता निःशस्त्र झाली होती. स्वयंसेवक पथकांचे दरवाजे भारतीयांना सामान्यतः बंद होते. सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या भारतीय शिपायाला सुभेदार-मेजरच्या वर चढता येत नसे, आणि हुद्द्याने त्याच्यावर नुकताच आलेला तरुण गोरा अधिकारी असे. एवढ्या विशाल लोकसमूहाला स्वतःच्या देशाच्या रक्षणात भाडोत्री शिपायापलीकडे स्थान नसावे, हा त्याच्या पौरुषाचा अपमान आहे आणि राज्यकर्त्यांच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचे नाही, असे गोखल्यांचे मत होते. ज्या लोकांवर विश्वास टाकला जात नाही, त्यांच्याकडून निष्ठेची अपेक्षा कशी करणार?

गोखले शांततावादी होते म्हणून लष्करी खर्चाला विरोध करीत होते, असा समज करून घेऊ नका. देशाचे संरक्षण त्यांना अनावश्यक वाटत नव्हते. खरे संरक्षण शस्त्रागारापेक्षा सुखी, शिक्षित आणि विश्वासास पात्र मानलेल्या नागरिकांवर अवलंबून असते, हा त्यांचा सिद्धान्त होता. मिठाचा कर, शाळेवरचा खर्च आणि सैन्याची रचना हे तीन विषय त्यांच्या विचारात एकाच धाग्याने बांधलेले आहेत.

भारतीयांना सैन्यात राजाकडून थेट अधिकारपदे मिळू लागली ती १९१७ नंतर, म्हणजे गोखल्यांच्या मृत्यूनंतर. पुण्याजवळ खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची पायाभरणी १९४९ मध्ये झाली. ज्या शहरात राहून गोखल्यांनी भारतीय अधिकाऱ्यांसाठी युक्तिवाद केला, त्याच शहराच्या वेशीवर आज ते अधिकारी घडतात.

३.७ स्वातंत्र्य : एका शब्दाच्या दोन छटा

भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. मराठीत स्वातंत्र्य हा एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. परक्या सत्तेपासून राष्ट्राची मुक्तता हा एक अर्थ, आणि कोणत्याही सत्तेच्या, मग ती स्वकीयांची असो वा रूढीची, मनमानीपासून व्यक्तीची मुक्तता हा दुसरा. लोकमान्यांच्या राजकारणात पहिला अर्थ अग्रभागी होता. गोखले दुसऱ्या अर्थाकडून पहिल्याकडे जाऊ पाहत होते. साम्राज्यांतर्गत स्वराज्य हे त्यांचेही ध्येय होते, आणि १९०५ मध्ये बनारस येथे काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ते मांडले. परंतु कायद्यापुढे समता, लेखन-भाषणाची मोकळीक आणि जातिभेदापासून सुटका यांवाचूनचे स्वराज्य त्यांना अपुरे वाटे.

याच दृष्टीने त्यांनी लॉर्ड कर्झनच्या काळातील सरकारी गुपितांविषयीच्या कायद्याला विरोध केला. कारभाराची माहिती छापणे हाच गुन्हा ठरला, तर कारभाराला जाब कोण विचारणार, हा त्यांचा रोख होता. १९०७ मध्ये लाला लजपतराय यांना चौकशीवाचून मंडालेला पाठवण्यात आले, तेव्हा त्यांनी निषेध केला आणि त्याच वर्षी राजद्रोही सभांवर बंदी घालणाऱ्या विधेयकालाही विरोध केला.

मात्र १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याच्या वेळी ते असे ठाम राहिले नाहीत. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकला जॅक्सनचा वध झाला होता, देशात भीतीचे आणि सूडाचे वातावरण होते. गोखल्यांनी काही बाबतींत दुरुस्त्यांचा आग्रह धरला, परंतु विधेयकाला तत्त्वतः विरोध केला नाही. पुढे हा कायदा वृत्तपत्रांविरुद्ध कठोरपणे वापरला गेला आणि १९२२ पर्यंत रद्द झाला नाही. ज्या माणसाने सरकारी गुपितांच्या कायद्याचा धोका अचूक ओळखला, त्याने या वेळी राज्यकर्त्यांच्या संयमावर अवाजवी विश्वास टाकला. गोखल्यांविषयी आदर बाळगूनही हे नमूद केलेच पाहिजे.

स्वातंत्र्याची त्यांची कल्पना देशाच्या सीमेत अडकलेली नव्हती. करारबद्ध मजूर म्हणून परदेशी नेल्या जाणाऱ्या भारतीयांची स्थिती त्यांना गुलामीपेक्षा फारशी वेगळी वाटत नसे. १९०९ च्या सुधारणांनी सभासदांना ठराव मांडण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा नाताळ वसाहतीसाठी होणारी अशी मजूरभरती थांबवावी हा ठराव त्यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये मांडला आणि तो स्वीकारला गेला. १९१२ मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेला गेले आणि गांधीजींबरोबर त्यांनी तेथील भारतीयांची गाऱ्हाणी समजून घेतली. गांधीजींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानले, हे सर्वश्रुत आहे.

३.८ शाळेचे विधेयक

१६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ पासून राज्यभर सक्तीचे शिक्षण लागू केले होते, ते उदाहरण समोर होते. गोखल्यांचे विधेयक अत्यंत सावध होते. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांपुरती सक्ती, तीही स्थानिक संस्थेने ठरवले तर आणि सरकारने मान्यता दिली तर. ज्या पालकाचे उत्पन्न दरमहा दहा रुपयांहून कमी, त्याच्या मुलाला फी माफ. एवढ्यालाही अधिकारी, जमीनदार आणि काही भारतीय सभासद यांनी विरोध केला. मार्च १९१२ मध्ये विधेयक तेराविरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले.

आपण हरणार हे गोखल्यांना ठाऊक होते. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून देशसेवा करण्याचे काम आले आहे, ही त्यांची धारणा होती. सहा वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतात नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. घरापासून दूर अंतरावर राहून, प्रौढ वयात पदवीचा अभ्यास करणाऱ्या तुम्हांला या विधेयकाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

३.९ अखेरचे दिवस

मधुमेहाने गोखल्यांची प्रकृती ढासळत गेली होती. १९१४ मध्ये देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नम्रपणे नाकारला. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या विनंतीवरून त्यांनी अखेरच्या दिवसांत भावी सुधारणांचा एक मसुदा तयार केला. प्रांतांना स्वायत्तता द्यावी, हे त्याचे सूत्र होते, आणि भारतीयांना सैन्यातील अधिकारपदे मिळावीत ही जुनी मागणीही त्यात होती. हा मसुदा १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात, भारत सेवक समाजाच्या वास्तूत, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्मशानात श्रद्धांजलीचे भाषण करणाऱ्यांत आयुष्यभराचे प्रतिस्पर्धी लोकमान्य टिळक होते.

३.१० सारांश

गोखल्यांना मवाळ म्हटले गेले. हा शब्द मराठीत वर्णन म्हणून आला आणि हिणवणूक म्हणून रुजला. पण त्यांच्या मागण्यांकडे पाहिले, तर मवाळपणा भाषेत होता, आशयात नव्हता, हे तुमच्या लक्षात येईल. सरकारने घेतलेल्या पैशाचा जाब द्यावा, नागरिकाला बोलू द्यावे, त्याच्या मुलाला शिकवावे आणि देशाच्या रक्षणाचा भार त्याच्यावर विश्वासाने सोपवावा, या मागण्या कोणत्याही सत्तेला गैरसोयीच्याच असतात. त्यांचा मार्ग राज्यकर्त्यांच्या न्यायबुद्धीवर विसंबून होता, आणि ती जेथे कमी पडली तेथे तो मार्गही कमी पडला. जनतेला संघटित करण्याचे जे काम टिळकांनी आणि पुढे गांधीजींनी केले, ते गोखल्यांच्या भाषणांनी होणे शक्य नव्हते. तथापि स्वराज्य मिळाल्यावर ते कसे चालवावे, या प्रश्नाचा अभ्यास त्यांनी स्वराज्यापूर्वी चार दशके आरंभिला होता. दरवर्षी अंदाजपत्रक जाहीर होते, तेव्हा वृत्तपत्रातील ते पान न उलटता वाचण्याचा प्रयत्न करा. कोणाकडून किती घेतले आणि कोणासाठी किती खर्चले, हे दोन आकडे शोधा. गोखल्यांच्या अभ्यासाची खरी सुरुवात तेथून होते.

स्वाध्याय

१. १८९७ मधील माफीच्या प्रसंगाचे दोन्ही बाजूंनी मूल्यमापन करा.
२. तिजोरीतील शिल्लक ही भरभराटीची खूण नाही, हा गोखल्यांचा युक्तिवाद तुमच्या शब्दांत मांडा.
३. लष्करी खर्चाविषयीचे गोखल्यांचे चार मुद्दे लिहा. त्यांपैकी कोणता मुद्दा तुम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि का?
४. स्वातंत्र्य या शब्दाच्या दोन छटा गोखले व टिळक यांच्या विचारांच्या आधारे स्पष्ट करा.
५. तुमच्या घरातील अथवा परिसरातील एखाद्या व्यक्तीने दुसऱ्याच्या शिक्षणासाठी केलेल्या त्यागाविषयी सुमारे दोनशे शब्दांत लिहा.